चूलबंद आवतण

लाइव्ह सुरू झालं आणि पहिलीच कमेंट आली, ‘यंदा कोणता पाव्हणा जिंकणार?’ तिच्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी मोबाईलच्या मागे उभी होते आणि भाऊसाहेब समोर, नवा शर्ट घालून. त्यांना कमेंट्स दिसत नव्हत्या, ही त्या वेळची देवाची कृपा.

मी नगरला राहते आणि हॉटेलांचा सोशल मीडिया सांभाळते. म्हणजे नेमकं काय करते, हे माझ्या आईला अजून समजलेलं नाही. ती शेजारणींना सांगते, ‘आमची मुलगी लोकांच्या जेवणाचे फोटो काढते.’ वडील कचेरीत कारकून होते, तेव्हा खुर्ची-टेबलाशिवाय नोकरी असते हे आमच्या घरात पटायला वेळ लागतो. बरं, आई म्हणते त्यात खोटंही काही नाही.

भाऊसाहेब श्रीरामपूरचे. पिढीजात कापसाचा व्यापार. तो भावाच्या गळ्यात घालून त्यांनी रस्त्यावर एक हॉटेल काढलं होतं. एसी, झुंबर, आणि पुढून सगळी काच. ही काचच नडली. हॉटेल रिकामं आहे हे रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसायचं. रिकाम्या हॉटेलात पहिलं पाऊल टाकायला आपल्याकडे कुणी तयार नसतं. लोक आत डोकवायचे, ओळीने उभे असलेले वेटर बघायचे आणि पुढच्या भेळेच्या गाडीवर जायचे.

मग भाऊसाहेबांनी कुठंतरी वाचून स्वतःच एक गिव्हअवे केला. गिव्हअवे म्हणजे जत्रेतला लकी ड्रॉ. तिकिटाऐवजी लोक कमेंट टाकतात, मित्रांना टॅग करतात, त्यातून एकाचं नाव काढायचं आणि त्याला फुकट जेवण द्यायचं. एका जेवणात हॉटेलचं नाव गावभर होतं. भाऊसाहेबांच्या हॉटेलचं झालंही, पण वेगळ्याच कारणाने. विजेता निघाला तिसगावचा. झुबकेदार मिशा, हातात थाळी, शेजारी भाऊसाहेब, असा फोटो पेजवर पडला. थोड्याच वेळात कुणीतरी त्याखाली दुसरा फोटो चिकटवला. भाऊसाहेबांच्या लग्नातला, कानपिळीचा. कान भाऊसाहेबांचा होता आणि पिळणारा हात त्याच मिशीवाल्याचा.

त्या दिवसापासून हॉटेलला गावात ‘मेव्हण्याचं हॉटेल’ म्हणू लागले. झुंबराइतका खर्च करून पाटीवर लावलेलं नाव कुणाच्या तोंडी राहिलं नाही. भाऊसाहेब मला भेटले ते या टप्प्यावर. घरात भाऊ म्हणत होता, कापसाकडे परत ये. बायको काहीच म्हणत नव्हती, कारण मेव्हणा तिचा भाऊ होता.

मी त्यांना सांगितलं की पुन्हा एक गिव्हअवे करू, पण तो सरळ. गावाचा विश्वास गेलाय, तो परत आणायचा. या वेळी शब्द फिरवलात तर काचेला कागद लावून कापूस भरायला लागा.

“करू की,” भाऊसाहेब म्हणाले. “फक्त नवरा-बायको दोघंच असतील असं घर काढा म्याडम. लहानसं.”

“नाव मी काढणार नाही. चाक काढणार.”

चाक म्हणजे मोबाईलवरचं एक ॲप. सगळी नावं त्यात टाकायची, ते गोल फिरतं आणि एका नावावर थांबतं. त्याला मेव्हणा नसतो.

कल्पना माझी होती, आणि अजूनही मला ती आवडते. ‘जिच्या हाताला एक दिवस सुट्टी द्यावीशी वाटते, त्या बाईचं नाव कमेंटमध्ये लिहा.’ माणशी एक कमेंट. बक्षिसाला ‘फ्री फॅमिली डिनर’ म्हणणं मला नको होतं, गल्लीतला पिझ्झावालाही तेच म्हणतो. मला लग्नपत्रिका आठवल्या. आपल्याकडे आवतणाचेही दर्जे असतात. एखाद्याला नुसतं ‘या’ म्हणतात, एखाद्याला ‘सहकुटुंब’. आणि अगदी जिव्हाळ्याच्या घराला पत्रिकेच्या कोपऱ्यात पेनाने लिहून देतात, ‘चूलबंद’. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटवायची नाही. त्या चुलीवर जेवणाऱ्या सगळ्यांनी आमच्याकडे यायचं.

भाऊसाहेबांना हे फारच आवडलं. त्यांचे वडील असं आवतण द्यायचे म्हणे. मी मजकुराखाली बारीक अक्षरात ‘अटी लागू’ असं टाकलं होतं. ते भाऊसाहेबांनी स्वतः काढायला लावलं.

“चूलबंदाला अटी नसत्यात,” ते म्हणाले. हे त्यांचं वाक्य मी नीट लक्षात ठेवलं.

कमेंट्स यायला लागल्या. कुणाची आई, कुणाची सासू, कुणाची शाळेतली सेविका. पण एक नाव सारखं येत होतं: एस्तरमावशी. वेगवेगळ्या अकाउंटवरून, वेगवेगळ्या आडनावांकडून. आमच्या धंद्यात असं झालं की पहिला संशय बॉटचा येतो. बॉट म्हणजे खोटी अकाउंट्स, माणूस नसलेली. मी एकेकाचं प्रोफाइल उघडून पाहिलं. एक एसटीचा कंडक्टर निघाला, एक दवाखान्यातली नर्स, एक कोर्टातला शिपाई, एक कॉलेजचा प्राध्यापक, एक औषधं विकणारा एमआर. सगळे खरे. एकमेकांचे कुणी लागत नव्हते. मला वाटलं, मावशींचा गोतावळा मोठा असेल. नियमात बसत होतं, मी सगळी नावं चाकात टाकली.

तर लाइव्ह. चाक फिरलं, आणि व्हायचं तेच झालं, ते एस्तरमावशींवर थांबलं. कमेंट्समध्ये एकदम दिवाळी झाली. भाऊसाहेब खूश. ख्रिस्ती म्हातारी, एकटी-दुकटी असेल, फोटो चांगला येईल, हे सगळं मला त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून छातीवर हात ठेवला.

“मावशी, तुमाला चूलबंद आवतन. शब्द हाय माझा.”

हे वाक्य मी त्यांना लिहून दिलेलं नव्हतं. मी लिहून दिलेलं यापेक्षा मिळमिळीत होतं.

दुसऱ्या दिवशी आवतण द्यायला आम्ही दोघं निघालो. असं आवतण घरी जाऊनच द्यायचं असतं, आणि मलाही रील हवी होती. कमेंटवाल्या कंडक्टरने पत्ता कळवला होता: एसटी स्टँडच्या मागे, कुणालाही विचारा. भाऊसाहेबांनी बरोबर श्रीफळ घेतलं, मग मावशी ख्रिस्ती आहेत हे आठवून ते गाडीतच ठेवलं आणि पेढे घेतले.

दुपारची वेळ होती. पत्र्याची लांब शेड, बाकं, आणि बाकांवर खांद्याला खांदा लावून जेवणारी माणसं. कंडक्टर होता, नर्स होती, प्रोफेसर होता, एमआर होता. मी खोटी समजून तपासलेल्या अकाउंट्सची पंगत बसली होती. टोकाला चुलीपाशी एक ठेंगणी बाई भाकरी थापत होती. दारावर पाटी होती: ‘एस्तर खानावळ. बुधवारी मटण. रविवारी संध्याकाळी बंद.’

भाऊसाहेब दारातच थांबले.

“मावशी, ही समदी कोन?”

“माझ्या चुलीवरची,” मावशी म्हणाल्या. “बसा. भाकर खाता का?”

खानावळीचे लोक महिन्याचे बांधलेले असतात. दोन्ही वेळ तिथंच जेवतात. त्यांची घरं कुठं पैठणला, कुठं सोलापूरला, आणि चूल हीच. मी मनातल्या मनात चूलबंदची व्याख्या पुन्हा म्हणून पाहिली. त्या चुलीवर जेवणाऱ्या सगळ्यांनी. मला हसू आवरेना. मी मोबाईल तोंडासमोर धरला, आणि तो तसाच चालू राहिला हे खरं.

भाऊसाहेब मात्र मुरलेले व्यापारी. त्यांची नजर पाटीवर गेली आणि चेहरा उजळला. माझ्याकडे वळून त्यांनी एक डोळा बारीक केला. मग मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की मावशींनी येत्या रविवारी संध्याकाळी जेवायला यायचं. डाव मला आवडला. रविवारी संध्याकाळी खानावळीला सुट्टी, माणसं आपापल्या गावी किंवा सिनेमाला, आणि हॉटेलात येणार मावशी आणि फार तर घरचं एखादं माणूस. शब्दही राहिला आणि रस्साही.

मावशींनी तव्यावरची भाकरी उलटली.

“रविवारी सांच्याला माझी चूल बंदच असती, भाऊसाहेब. बंद चुलीला चूलबंद कसं करनार तुमी?”

पंगतीत कुणीतरी पाण्याचा घोट घेता घेता ठसकला. भाऊसाहेबांनी दुसरा रस्ता धरला. म्हणाले, हॉटेलात जागेची अडचण आहे, तर मावशी आणि घरची चार माणसं असं धरू या. मावशींनी हात धुतले, पदराला पुसले, आणि पहिल्यांदाच उठून समोर आल्या. रागावल्या नव्हत्या. समजुतीच्या स्वरात बोलल्या.

“माझी चूल बंद ठिवली तर ही मान्सं त्या दिवशी उपाशी ऱ्हातील. मी तिकडं बसून पनीर खाऊ का? जमत नसंल तर आवतन परत घ्या. माझा काय राग न्हाई.”

शेडमध्ये घास थांबले. त्या प्रोफेसरने शांतपणे खिशातून मोबाईल काढून ताटाशेजारी उभा केला. आता दोन कॅमेरे झाले. भाऊसाहेबांनी आवतण परत घेतलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते गावाने पाहिलं असतं, आणि मेव्हण्याचं हॉटेल मेव्हण्याच्याच नावाने बंद झालं असतं. हे मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईलच्या मागे होते, मला काही करता येण्यासारखं नव्हतं, आणि करायची इच्छाही नव्हती.

“बुधवारी या,” भाऊसाहेब म्हणाले. “समदी.”

“बुधवारी आमच्यात मटन असतं,” मावशी म्हणाल्या.

“मटनच करतो.”

परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलंच, की तुम्ही शिकलेल्या बाई, अटी टाकायला काय झालं होतं? मी त्यांना त्यांचंच वाक्य परत दिलं, चूलबंदाला अटी नसतात. त्यानंतर आमचं बोलणं एकदम माझ्या स्टॉपवरच झालं, आणि तेही ‘उतरा’ एवढंच.

बुधवारी दुपारी मी मुद्दाम गेले. खरं तर त्या दिवशी माझं काही काम नव्हतं, पण असा प्रसंग चुकवायला मी काही संत नाही. सगळी टेबलं जोडून लांब ओळी केल्या होत्या. वेटरांना इतकी माणसं एकदम वाढायची सवय नव्हती, ते भांबावून एकमेकांना धडकत होते. आचारी, ज्याला हॉटेलात सगळे वस्ताद म्हणतात, सकाळपासून बाहेरच आला नव्हता. शेवटी भाऊसाहेबांनी बाह्या दुमडल्या आणि रश्श्याची बादली स्वतः उचलली. लग्नात वाढतात तसे वाकून, प्रत्येकाला ‘घ्या, घ्या’ करत ते ओळीने निघाले, तेव्हा मला ते पहिल्यांदा हॉटेलवाले वाटले.

वाढून झालं तरी कुणी जेवायला सुरुवात करेना. भाऊसाहेबांना घाम फुटला, काही राहिलं की काय. मावशींनी डोळे मिटले होते. त्या जेवणाआधी प्रार्थना म्हणतात आणि त्यांच्या चुलीवरची माणसं, कुठल्याही देवाची असोत, तेवढा वेळ थांबतात. वेटरही बादल्या धरून थांबले. आमेन झालं. मावशींनी एक घास घेतला. सगळी ओळ त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि स्वयंपाकघराच्या दारातून वस्तादसुद्धा.

“रस्सा जरा पातळ हाय. पन मीठ बराबर हाय.”

मग सगळे तुटून पडले.

एवढ्यात एक गंमत सुरू झाली, जिच्यासाठी मी क्लायंटकडून एरवी पैसे घेते. रस्त्यावरून जाणाऱ्यांना काचेतून हॉटेल गच्च भरलेलं दिसलं. आमच्या भाषेत याला सोशल प्रूफ म्हणतात. गर्दी बघून गर्दी जमते, एवढाच त्याचा अर्थ. भेळेच्या गाडीकडे निघालेलं एक कुटुंब थांबलं, आत आलं आणि विचारू लागलं की नंबर किती वेळाने लागेल. भाऊसाहेबांच्या हॉटेलात नंबर लागणं ही गोष्टच नवी होती. ते बादली हातात घेऊन तसेच उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला त्यांनी मलाच ओरडून सांगितलं की उभ्या काय राहिलात, त्यांना पाणी द्या.

मी पाणी दिलं.

जेवण आटोपलं. मावशी हात धुवायला आत गेल्या आणि वस्तादाला विचारलं, तू जेवलास का? तो म्हणाला, स्टाफ चार वाजता जेवतो, उरलेल्या भातावर ग्रेव्ही घालून. मावशी बाहेर आल्या आणि सगळ्यांदेखत भाऊसाहेबांसमोर उभ्या राहिल्या. प्रोफेसरचा मोबाईल पुन्हा ताटाशेजारी उभा होता, त्याला आता सवयच झाली होती.

“पोट भरलं. आता आवतन फेडायला पायजे. येत्या सोमवारी तुमची चूल बंद. समद्या हॉटेलानं माझ्याकडं जेवायचं.”

भाऊसाहेब गडबडले. म्हणाले, मावशी, हा धंदा आहे, हॉटेलची चूल बंद कशी ठेवायची?

“मी न्हाई का ठिवली?”

भाऊसाहेबांनी वस्तादाकडे पाहून मान डोलावली.

सोमवारी दुपारी हॉटेलच्या काचेवर भाऊसाहेबांनी स्वतःच्या अक्षरात कागद लावला: ‘आज आमची चूल बंद आहे. आम्ही एस्तरमावशींकडे जेवायला गेलो आहोत.’ कुणीतरी जाता जाता त्याचा फोटो काढला. तो फोटो इतका फिरला की नगरमध्ये माझ्या आईच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, आणि आईने मला पाठवून खाली लिहिलं, ‘बघ, याला म्हणतात जाहिरात.’ मी आजवर केलेल्या कुठल्याही पोस्टचं तिने असं कौतुक केलेलं नाही.

आता त्या हॉटेलला मेव्हण्याचं हॉटेल कुणी म्हणत नाही, चूलबंदवालं म्हणतात. शनिवारी-रविवारी नंबर लागतो. भावाने कापसाचा विषय काढणं सोडलं. आणि स्टाफने सोमवारचं ते जेवण जेवल्यावर चार वाजताच्या ग्रेव्ही-भाताला हात लावायचं नाकारलं, तेव्हा भाऊसाहेबांना वस्तादासकट सगळ्यांची खानावळ मावशींकडे लावून द्यावी लागली. स्टाफला जेवण नीट मिळतं का, हे बघायला भाऊसाहेब रोज जातात. बघताना बसतात, आणि बसल्यावर दोन भाकरी होतातच.

परवा त्यांचा फोन आला. पुन्हा एकदा चूलबंद काढायचं म्हणत होते, लोक विचारतायत. मी म्हटलं, काढू, पण एक विचार करा. चाक परत मावशींवर थांबलं तर काय? तुमचा वस्ताद, वेटर, गल्ल्यावरचा माणूस आणि तुम्ही, सगळे आता मावशींच्या चुलीवर. सगळ्यांना आवतण. मग रांधणार कोण आणि वाढणार कोण?

पलीकडे भाऊसाहेब एकेक नाव पुटपुटत मोजायला लागले.

“तिसगावच्या मेव्हन्याला बोलवून घेऊ,” भाऊसाहेब म्हणाले.

तेव्हापासून मी बनवलेल्या प्रत्येक पोस्टखाली, पाडव्याच्या शुभेच्छा असल्या तरी, बारीक अक्षरात ‘अटी लागू’ असतं. क्लायंट कितीही म्हणाला तरी ते मी काढत नाही.